तिसऱ्या पावलाला हाक येते

सोपाना,

तुझा पाईप अजून दाराच्या मागंच उभा आहे. ठिबकवाल्याच्या दुकानातून मीच कापून आणलेला करड्या रंगाचा तुकडा, दोन्ही तोंडांना टोपणं, खांद्याला अडकवायला म्हशीच्या दाव्याची दोरी. त्यात तुझं गणित गुंडाळून ठेवलेलं असायचं. परवा तुझ्या वहिनीनं झाडताना तो आडवा करायला घेतला आणि मी तिच्या अंगावर धावून गेलो. तिनं पाईप होता तसा उभा केला आणि त्याच्या भोवतीनं झाडून घेतलं. तुझा तेरावा होऊन चार दिवस झाले. घरात अजून सगळे तुझ्या भोवतीनंच झाडतायत.

कॉलेजातून एक जण आला होता. वार्षिक अंकात तुझ्यावर अर्धं पान द्यायचं म्हणून छापील कागद घेऊन. जन्म, शिक्षण, पद, प्रसिद्ध लेख. 'पद'पाशी माझं डोकं फिरलं. त्याला विचारलं, इथं काय लिहू? तासिका तत्त्वावर? म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर कोण? तो बिचारा स्वतःही तासिका तत्त्वावरच निघाला. चहा न घेता गेला. कागद मी भरला नाही. तुझ्याबद्दल मला जे माहीत आहे त्याला त्यात रकाना नव्हता.

म्हणून हे लिहितोय. आणि खरं सांगायचं तर भांडायला लिहितोय. आपलं एक भांडण आठ वर्षं तसंच उभं आहे, कारण तू ते कधी भांडलाच नाहीस. दक्षिणेतल्या त्या संस्थेतली जागा माझ्यामुळं गेली का, एवढं एकच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. हो म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू दर वेळी "सोड दादा" म्हणून वहीत डोकं घालायचास.

तुला आठवायचं ते सगळं मलाही आठवतं, मी फक्त कधी कबूल केलं नाही. आई-बापू कारखान्याला ऊस तोडायला. मी पंधराचा, बैलगाडी माझ्याकडं. तू आठ वर्षांचा, भरलेल्या उसावर उताणा पडलेला. काट्यावर जाणाऱ्या गाड्यांची लांब रांग. तू एकदम म्हणालास, "दादा, फुडच्या गाडीचं घुंगरू आपल्या घुंगरासंगं वाजाया लागलं." मी म्हणालो, बैल चालतात, घुंगरं वाजतात, पड गप. तू पडला नाहीस. "मघाशी येगळं वाजत हुतं. आन् मधी दोरी तर न्हाई. मग त्यास्नी कळलं कसं?"

मी तुला एक चापट दिली. त्याच प्रश्नावर तू पुढं पीएच.डी. केलीस.

मी सातवीतून सुटलो आणि जनावरांच्या बाजारात शिरलो. आमच्या धंद्यातल्या माणसाला हेडी म्हणतात. विकणारा एक, घेणारा एक, आणि मधे मी. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. पहिल्या आकड्याला कधी हो म्हणायचं नाही. मान हलवायची, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. एक पाऊल, दोन पावलं. गिऱ्हाईक खरं असेल तर तिसऱ्या पावलाला हाक येते. या एका नियमावर मी घर बांधलं, तुला पुण्याला शिकायला ठेवलं. घोडेगावच्या बाजारात हा नियम मला कधी खोटा पडला नाही. तो एकदाच खोटा पडला, बाजाराबाहेर.

आठ वर्षांपूर्वी तुमची ती परिषद पुण्यात होती. मी म्हशी पोचवून रिकामा टेम्पो घेऊन तिकडंच आलो, अंगावर तेच कपडे. मोठा हॉल, ओळीनं फळे लावलेले, प्रत्येक फळ्यावर एक पोस्टर आणि पोस्टरशेजारी त्याचा मालक उभा. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले. मी तुला म्हणालो, "आरं, ह्यो तर आपलाच बाजार हाय की. फकस्त शेण न्हाई." तू इतका हसलास की शेजारच्या फळ्यावरची बाई बोलताना थांबली. लोक यायचे, आधी बिल्ल्यावर नावाखाली कुठली संस्था आहे ते बघायचे, मग पोस्टरकडं वळायचे. तेही मला ओळखीचंच वाटलं. आमच्यात आधी जात विचारतात, मुऱ्हा का पंढरपुरी, मग कासेला हात लावतात.

मग त्या मॅडम आल्या. पांढरे केस, सुती साडी, हातात चहा. तू त्यांना बैलांच्या जुवाचं सांगत होतास. बोलणं इंग्रजीत होतं, पण तू हातानं दाखवत होतास त्यावरून मला कळत होतं, कारण तेच तू मला गोठ्यात मराठीत सांगितलं होतंस. दोन बैलांची चाल वेगळी असते. जू अगदीच सैल असलं तर दोघं दोन वाटांनी ओढतात. पण जुवात नेमकी एवढी ढिलाई असली की कुणी न शिकवता दोघं एका चालीत येतात. ती ढिलाई किती, ते मोजायचं तुझं काम. बैलच नव्हे, तू म्हणायचास, हृदयाच्या पेशी, विजेची जनित्रं, झाडावरचे काजवे, सगळ्यांचं हेच.

त्यांचा चहा गार झाला, वर साय धरली. त्या हलल्या नाहीत. माझं लक्ष त्यांच्या चपलांकडं होतं. गिऱ्हाईक खरं की खोटं ते पायावरून कळतं. निघायचं असलं की माणूस बोलत राहतो, पाऊल आधी वळतं. त्यांचं पाऊल दोन तास तुझ्याकडंच होतं. मी मनात म्हणालो, हे गिऱ्हाईक अडलेलं आहे.

तिथंच मी तुझं वाटोळं केलं, सोपाना. त्या दोन तासांत.

दोन महिन्यांनी दक्षिणेतल्या त्यांच्या संस्थेतून ईमेल आली. दोन वर्षांची संशोधनाची जागा, राहायची सोय, दहा दिवसांत होकार कळवावा. तू फोन हातात धरून गोठ्यात आलास तेव्हा मी एका म्हशीचे दात बघत होतो.

"दादा, बोलावलंय."

"कायमचं?"

"न्हाई, दोन वर्सं. पर तिथनं फुडची वाट—"

"मग लगीच हो म्हनू नको."

तू मला समजावलंस. म्हणालास, तिथं असं चालत नाही. त्यांच्याकडं यादी असते, पहिल्यानं हो नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारतात. मी विचारलं, त्या दुसऱ्याच्या पोस्टरपाशी त्या दोन तास उभ्या होत्या का?  "म्या त्यांचं पाय बघितल्यात," मी म्हणालो. मग मी सांगत गेलो आणि तू लिहीत गेलास. विचार करून कळवतो, पण जागा कायम होईल का याचा खुलासा व्हावा. तू ते इंग्रजीत केलंस. माझ्यापेक्षा मऊच केलं असशील.

आठव्या दिवशी उत्तर आलं. जागा कायम करणं त्यांच्या हातात नाही, बाकी सगळं ठरल्याप्रमाणं, होकाराची वाट बघतोय. मी मांडीवर थाप मारली. बघ, हे आपलं दुसरं पाऊल झालं. आता गप बसायचं. दहाव्या दिवशी तू तीनदा माझ्यापुढं येऊन उभा राहिलास. शेवटी म्हणालास, "एक फोन करतो दादा. नुसता हो म्हणतो." आणि मी म्हणालो, "फोन केलास तर तू माझा भाऊ न्हाईस."

तेराव्या दिवशी दोन ओळी आल्या. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

मी काय केलं ते तुला माहीतच आहे. ईमेलच्या तळाशी नंबर होता. माझ्या बाजारी हिंदीत मी त्या बाईला वाट्टेल ते बोललो. शब्द देऊन जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधलंत, असली माणसं आमच्यात बाजारात उभी करत नाहीत, असं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. तू माझ्या हातून फोन घेतलास, "सॉरी मॅडम" एवढंच म्हणालास आणि बंद केलास. मग बाहेर जाऊन म्हशींना वैरण टाकलीस. पेंढ्या एकसारख्या फोडून, एकीला कमी नाही, एकीला जास्त नाही.

माझा राग तुझ्यावर आहे तो इथं. तू ओरडायला हवं होतंस. मला ढकलायला हवं होतंस. एवढं शिकलेला तू, ज्याला ते जग माहीत होतं, तू माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या हेड्याचं ऐकलंस का? मी तुला वाढवलं म्हणून? मग ते उपकार मी केलेच नसते तर बरं झालं असतं. मी रोज वाट बघायचो की आज हा मला शिवी देईल. तू द्यायचास ते पगाराच्या दिवशी वहिनीसाठी भेळ आणि माझ्यासाठी पानाची पुडी.

मग सुरू झाली तुझी दोन कॉलेजांची गाडी. तीन दिवस अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरला खोली करून. तीन दिवस इकडं भिंगारकडं. आठवड्यातून दोनदा एसटीत पाच-पाच तास. खिडकीला डोकं टेकून वहीवर लिहायचास, म्हणून तुझी सगळी समीकरणं घाटात वाकडी झालेली असायची. दर वर्षी नवं पोस्टर, जिथं परिषद असेल तिथं पाईप खांद्याला लावून रेल्वेच्या जनरल डब्यातून. पोस्टरवर नावाखाली संस्थेचं नाव लिहायची रीत. दोन्ही कॉलेजांच्या ऑफिसात सांगितलं, तुम्ही आमचे कर्मचारी नाही, आमचं नाव वापरू नका. तू आपल्या गावाचं नाव लिहिलंस. खाली तालुका. कुणी तरी विचारलं, ही कुठली संशोधन संस्था? तू म्हणालास, कोरडवाहू. घरी येऊन हे सांगताना तू हसत होतास आणि तुझी वहिनी पोळी लाटायची थांबली होती.

लग्नाचंही त्याच्यातच गेलं. पाहुणे यायचे, डॉक्टर म्हटल्यावर खूश व्हायचे, कसला डॉक्टर ते कळल्यावर चहा पिऊन उठायचे.

आणि त्या मुलाखतीचा दिवस. इकडच्याच एका कॉलेजात कायम जागा निघाली होती. तू आत, तीन तज्ज्ञांसमोर फळ्यावर लिहीत होतास. बाहेर पटांगणात संस्थेचा एक माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. तोही आमच्यातलाच, हात बघूनच ओळखला. मी खांद्यावरचं उपरणं काढलं. आमचे हात त्याखाली गेले. दोन बोटं त्यानं दाबली, एक मी मुडपलं. तेवढ्यात उपरणं कुणी तरी उचललं. वर बघितलं तर तू. बोटांना खडू लागलेला.

"दादा, मी जनावर न्हाई."

आणि मी, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं म्हणालो, "जनावर असतास तर आत्तापत्तुर भाव आला असता."

तू ते उपरणं टोकाला टोक जुळवून घडी घातलंस आणि माझ्या खांद्यावर ठेवलंस. टेम्पोत माझ्या शेजारी बसलास. वाटेत दोन रसवंत्या लागल्या, दोन्हीकडं मी थांबू का विचारलं, तू नको म्हणालास. तो शब्द परत घ्यायचा म्हणून मी किती शुक्रवार बाजार उरकून तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आलो. बाजारात शब्द परत घेत नाहीत. मला ती सवयच नव्हती. आता रोजच ते तोंडाशी येतं आणि घ्यायला समोर कुणी नाही.

गेल्या दिवाळीत तू मला नवं काही दाखवलंस. आढ्याला एक दोरी ताणून त्यावर दोन गडवे लोंबते सोडले होते. एकात पाणी, एक रिकामा. म्हणालास, दोघांची चाल वेगळी आहे. यांना बेताचं जोडलं तर जुळतात. पण चालीत फरक लई असला आणि जोड लई घट्ट केली, तर काय होतं सांग. मी म्हणालो, दोरी तुटल.

"न्हाई. दोघं बी थांबत्यात. हालचालच मरती. गडव्यांत नीट दिसायचं न्हाई, पर गणितात दिसतं."

"मग उपाय?"

"जोड ढिली करायची, दादा. दुसरं काय."

हे तू माझ्याबद्दल बोलत होतास का? मी तेव्हा विचारलं नाही. तू म्हणाला असतास, समीकरणात नाती नसतात.

ताप आला तेव्हा तू घाटातल्या थंडीचा आहे म्हणालास. तास सोडले नाहीस. विद्यार्थ्यांची परीक्षा तोंडावर होती. आणि तास बुडाला की तो आपला नव्हताच असं धरतात, हे काय मला सांगायला हवं? त्याच तापात नगरला जाऊन नवं पोस्टर छापून आणलंस, पाईपात घातलंस, टोपण लावलंस आणि दाराच्या मागं ठेवून आडवा झालास. ते तुझं शेवटचं उभं राहणं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरलीत, पुढचे दोन दिवस अवघड आहेत. मी त्यांना म्हणालो, दोन कशाला, चार घ्या, पण नीट करा. मी खरंच तसं म्हणालो. त्यांना कळेना हा माणूस काय बोलतोय. तुझ्या वहिनीनं माझी बाही धरून मला बाकावर बसवलं. "साऱ्या जगाशी घासाघीस केली. हितं भाव होत नसतो. बसा गप."

दुपारी मला आत सोडलं. तुझ्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी चादरीखाली हात घालून तुझा हात धरला. आणि तू माझं बोट दाबलंस. मधलं. मग थांबून शेजारचं. मग परत मधलं. सोपाना, तीस वर्षं मी चादरीखाली, उपरण्याखाली, धोतराच्या सोग्याखाली बोटं वाचतोय. आंधळ्याची, कपटी माणसाची, दारू प्यालेल्याची. तुझी मला वाचता आली नाहीत. काय सांगत होतास? माफ केलं म्हणत होतास, का शेवटी एकदाची शिवी देत होतास? का नुसतीच बोटं होती ती?

गावी नदीकाठी मडकं फोडून झालं. म्हातारे म्हणाले, आता मागं वळून बघायचं नाही, सरळ चालायला लागायचं. मी पाठ फिरवली. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्याला मी थांबलो. सवयीनं. कान मागं लावून. मागून कुणी तरी खांद्याला हात लावून पुढं ढकलेपर्यंत मी थांबलो होतो.

हे सगळं मी आजही लिहिलं नसतं. पण काल सकाळी फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडं बाईचा आवाज, अडखळत हिंदी. तुझं नाव घेऊन म्हणाल्या, यांचं पोस्टर परिषदेला निवडलंय, दोन ईमेल केल्या, उत्तर नाही. अर्जात 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' या ओळीत हा नंबर आहे, नातं 'दादा' लिहिलंय. आवाज मी ओळखला. आठ वर्षांपूर्वी तो आवाज गप्प राहून माझं सगळं ऐकत होता.

मी सांगितलं.  मग मी कोण ते सांगितलं, म्हणजे तो, शिव्या देणारा. त्या म्हणाल्या, ओळखलं मी. आणि मग मी त्यांना तो प्रश्न विचारला जो तुला विचारायचा होता. त्या वेळी त्यानं एक फोन केला असता तर?

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो. त्या म्हणाल्या, मुदत दहा दिवसांची होती, मी यादी आणखी दोन दिवस अडवून ठेवली होती. रोज फोनजवळ बसले होते. नुसतं हो म्हणाला असता तर जागा त्याचीच होती.

म्हणजे हाक आली होती, सोपाना. दोन दिवस येत होती. मीच तुझे कान धरून ठेवले होते.

भिंतीला टेकून खाली बसलो. पाईप समोरच होता. मॅडम विचारत होत्या, पोस्टर छापून झालं होतं का. मी म्हणालो, हो. मग त्या चाचरत म्हणाल्या, पोस्टर पाठवलंत तर आम्ही लावू. पण नुसता कागद टांगून ठेवायचा आणि शेजारी कुणी नाही, ते मला बघवणार नाही. तुम्ही याल का उभं राहायला? गणित आम्ही सांगू. तुम्ही नुसतं...

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. कधी, कुठं, किती लांब, काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच बोलाला हो म्हणालो, आणि म्हणतच राहिलो, हो मॅडम, हो, हो, पलीकडून त्या "ठीक है, ठीक है" म्हणेपर्यंत. तुझी वहिनी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

बिल्ल्यावर माझ्या नावाखाली काय लिहायचं, असं त्यांनी शेवटी विचारलं. मी आपल्या गावाचं नाव सांगितलं. खाली तालुका.